चित्राची पाठ

मघाशी माझी ओळख करून देताना ‘चित्रकलेकडून शिल्पकलेकडे वळलेले’ असं म्हटलं गेलं. वळलो वगैरे काही नाही. मी चित्रकारच आहे. एका चित्रात अडकलोय, एवढंच.

चित्र साधं आहे. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट, डावीकडून खिडकीचा उजेड, आणि बाहीखाली निळसर सावली. ती सावली मला जमली होती, म्हणून वाटलं, हे उभं करून बघावं. तारेचा सांगाडा केला, पुठ्ठे बांधले, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड चढवलं. तैलरंगाची सवय असलेल्या माणसाची इथे पहिली फजिती होते. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, चूक पुसता येते. प्लास्टर पाव-अर्ध्या तासात घट्ट होतं आणि घट्ट होताना हाताला गरम लागतं. विचार करायचा तो आधी करून यायचा.

कोट समोरून हुबेहूब चित्रासारखा झाला. मी खूश. मग दोन पावलं बाजूला सरकलो, तर तो पापडासारखा चपटा. मागे गेलो तर तारा आणि पुठ्ठ्याच्या कडा. महिनाभर त्या कोटासमोर बसून चित्र काढलं, पण त्याची मागची बाजू मी एकदाही पाहिली नव्हती. चित्राने ती कधी मागितलीच नव्हती.

त्याहून वाईट झालं ते रंग दिल्यावर. चित्रातली निळी सावली मी तशीच बाहीखाली रंगवली. संध्याकाळी उजवीकडचा दिवा लावला, तर खरी सावली एकीकडे पडली आणि माझी दुसरीकडे. ती आता शाई सांडल्यासारखी दिसत होती. कॅनव्हासवर उजेड माझ्या हुकमातला असतो. इथे तो खोलीचा. मग रंग खरवडून काढला आणि बाहीखाली खरी खोबण कोरली. जो खोलपणा ब्रशच्या एका फटकाऱ्यात दाखवला होता, त्याला इथे चार सेंटिमीटर लागले.

पिकासोने 1912 मध्ये पुठ्ठ्याची गिटार केली, ती मला या अडचणीनंतर नीट कळली. गिटारीच्या मधलं भोक त्याने भोक म्हणून केलंच नाही. तिथे पुढे आलेली नळी बसवली. पोकळी दाखवायला चक्क उंचवटा! पाहणारा तिला तरीही भोकच समजतो. 1914 मध्ये हीच गिटार त्याने पत्र्यात केली. बाकी गडी हुशार: दोन्ही भिंतीवर लावायच्या, त्यामुळे पाठीची कटकट भिंतीच्या गळ्यात.

फ्रेंच चित्रकार देगाने ही कटकट टाळली नाही. 1881 मध्ये त्याने चौदा वर्षांच्या नर्तिकेचं मेणाचं शिल्प मांडलं. घागरा खऱ्या कापडाचा, केसही खरे. हयातीत लोकांसमोर मांडलेलं त्याचं हे एकच शिल्प. 1917 मध्ये तो गेला तेव्हा स्टुडिओत मेणामातीची सुमारे दीडशे शिल्पं सापडली, बरीचशी मोडकळीला आलेली. पुढे नर्तिकेचे एक्स-रे काढले, तर आतल्या सांगाड्यात ब्रशच्या दांड्या निघाल्या. जे हाताशी होतं ते आत खुपसलं! हे वाचल्यापासून माझेही जुने ब्रश टाकवत नाहीत. दोन बाहीत गेलेत.

विद्यार्थी विचारतात, चित्राचं शिल्प करायला कुठलं चित्र निवडावं? मी म्हणतो, आपल्याला पूर्ण जमलंय असं वाटणारं निवडू नका. मी तेच केलं आणि पहिले दोन कोट त्या सावलीच्या मोहापायी वाया घालवले.

आता तिसरा चाललाय. या वेळी खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि पाठीकडून सुरुवात केली. मागची शिवण, खांद्याचा झोल, खुर्चीच्या दांड्यावर ताणलेलं कापड झालंय. समोरच्या बाजूला अजून नुसत्या तारा आहेत, आणि मूळ चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.