टरफलातून जेल

ही कोळंबीची टरफलं. डोकी, पाय, शेपट्या, सोलल्यावर उरलेलं सगळं. कारखान्यांच्या दारात याचे ढीग लागतात आणि बहुतेक जण याला घाणच समजतात. पण यातूनच शरीरातल्या जखमा भरायला मदत करणारं जेल बनवता येतं. यात कायटिन आहे. निसर्गातल्या बहुशर्करांमध्ये, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये, सेल्युलोजच्या खालोखाल मुबलक असलेला पदार्थ, आणि आपण तो कुजायला टाकतो!

धुऊन वाळवलेली टरफलं आता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पडतायत. फेस बघा. टरफलाला कडकपणा देणारं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतंय, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. फेस बसला की टरफल चिमटीत वाकतं, मोडत नाही. पुढे सौम्य कॉस्टिक सोडा. त्यात प्रथिनं निघून जातात.

उरलेलं कायटिन हट्टी. ना पाण्यात विरघळत, ना सौम्य आम्लात. म्हणून पुन्हा कॉस्टिक सोडा, पण या खेपेला चाळीस-पन्नास टक्क्यांचा आणि चांगला तापवलेला. हातमोजे एवढे जाड आहेत ते त्यासाठीच. १८५९ साली फ्रान्समध्ये शार्ल रूजे यांनी कायटिन असंच तीव्र अल्कलीत उकळलं, तेव्हा ते आम्लात विरघळू लागलं. होतं काय, तर रेणूवरचे अॅसिटिल गट, म्हणजे अणूंचे छोटे पुंजके, सुटतात आणि नायट्रोजन असलेले अमिनो गट मोकळे होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. तेच फिकट पापुद्रे. पण आता हे कायटोसॅन आहे.

पातळ अॅसिटिक आम्लात ते विरघळतं, मधासारखं दाट होतं. अमिनो गटांवर इथे धनभार येतो. तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्या याला चिकटतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या कायटोसॅनच्या पट्ट्या अमेरिकी सैन्याने रणांगणावर वापरल्या, त्या याच गुणावर.

आता ही कुपी. कायटोसॅनच्या थंड द्रावणात ग्लिसरोफॉस्फेट नावाचा क्षार मिसळलाय. कुपी कलती केली की वाहतं. सदतीस अंशांच्या पाण्यात काही वेळ ठेवली, आणि आता उलटी धरली. थेंब पडत नाही. म्हणजे सुईवाटे द्रव शरीरात सोडायचा, जखमेच्या वेड्यावाकड्या पोकळीत तो पसरतो आणि शरीराच्या उबेने तिथेच जेल होतो.

शेजारची निळी कुपी? रंग आम्ही घातलेला नाही. गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारं जेनिपिन अमिनो गटांना एकमेकांशी बांधतं, तेव्हा हा निळा उमटतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, गोठवून सुकवलेलं जेल. ही छिद्रं. पेशी यांतून आत शिरतात, तिथे आपली ऊती विणतात, आणि शरीरातलं लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) जेलचे दुवे तोडत जातं.

जखमेच्या पट्ट्या वापरात आहेत, गुडघ्याच्या कूर्चेसाठी माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. हाड, मज्जातंतू, हृदय यांवरचं बरंच काम अजून प्राण्यांवरच आहे. नुसतं जेल भार पेलत नाही, आणि आम्ल-सोड्याचं सांडपाणी उदासीन करणं हा वेगळा खर्च.

शिवाय टरफलं बदलली की माल बदलतो. प्रत्येक खेपेत रेणूभार किती, अॅसिटिल गट किती टक्के सुटले, हे आधी मोजलं जातं. आकडे जुळले नाहीत, तर ती खेप जखमेच्या कामाला घेत नाहीत.