दुसऱ्या मंगळवारची रात्र

[दृश्य: रात्रीची बर्डी, नागपूरची बाजारपेठ. शटर ओढलेली दुकानं.]

महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेत, नागपुरात रात्रीचे साडेदहा. थंडीत साडेअकरा. या वेळी मायक्रोसॉफ्टकडून विंडोजची त्या महिन्याची दुरुस्ती जगभर सुटते. २००३ सालापासून वार ठरलेला आहे. आपल्याकडचे बरेच घरगुती कॉम्प्युटर तेव्हा बंद असतात, त्यामुळे मानेवाड्यातल्या या घरात ती पोहोचते बुधवारी.

[दृश्य: स्क्रीनच्या कोपऱ्यात रीस्टार्टची सूचना.]

"बाबा, रीस्टार्ट मागून राहिलं ते."

"अबे, फॉर्म भरून राहिलो नं मी. मंग पाहू."

फॉर्म सीईटीच्या कॅप राउंडचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या फेरीचा, शेवटची तारीख आजचीच, आणि वेबसाइट सकाळपासून रडतेय. बाबांना बोल लावता येत नाही. गोची एवढीच, की हा 'मंग' पुढे कित्येक दिवस उगवत नाही.

अपडेट म्हटलं की लोकांना जागा बदललेली बटणं आठवतात. त्याचा राग येतो, आणि तो रास्तही आहे. पण दुसऱ्या मंगळवारच्या गठ्ठ्यात मुख्यतः सुरक्षेतली भोकं बुजवणारे पॅच असतात. पॅच आला की धोका कमी होतो, पण ज्याने तो टाकला त्याच्यापुरताच. बाकीच्यांचा उलट वाढतो. कारण पॅच चोरांनाही मिळतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं, की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. या धंद्यातले लोक दुसऱ्या दिवसाला 'एक्स्प्लॉइट वेन्सडे', भोकाचा फायदा उठवायचा बुधवार, म्हणतात. म्हणजे बाबा 'मंग पाहू' म्हणतात तोच बुधवार.

[दृश्य: वॉनाक्रायची लाल खिडकी.]

मे २०१७. नागपुरात कूलर लागलेले, शाळांना सुट्ट्या. १२ तारखेच्या शुक्रवारी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करत सुटला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त यंत्रं. ब्रिटनमध्ये सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. खंडणी ३०० डॉलर, बिटकॉइनमध्ये. धमकी २८ भाषांत वाचायची सोय होती. त्यांत ना हिंदी, ना मराठी. कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती, एका यंत्रातून दुसऱ्यात तो आपला आपणच शिरत होता. ज्या भोकातून शिरला, त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता. मार्चचा दुसरा मंगळवार. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले. तेव्हा सगळ्यांनी खापर फोडलं म्हाताऱ्या विंडोज एक्सपीवर. लागण झालेली बहुतेक यंत्रं मात्र विंडोज ७ची निघाली, म्हणजे ज्यांना पॅच फुकट आणि वेळेवर मिळत होता त्यांची.

[दृश्य: उघडा कॅबिनेट, पंख्यावर धुळीचा थर.]

असेंबल्ड पीसी घेताना एक वाक्य कानावर पडतं: "अपडेट बंद करून दिलंय भाऊ, स्लो नाही होणार." बरेचदा आतली विंडोज क्रॅकची, म्हणजे चोरीची असते, आणि अपडेटने ती उघडी पडेल ही धास्ती असते. हे वाक्य ऐकलं तर त्या दुकानात पैसे देण्याआधी दोनदा विचार करावा, असं आमचं मत.

आणि विंडोज म्हणजे सगळं नव्हे. फाइली दाबून एकत्र बांधणारं विनरार बघा. त्यातलं एक भोक फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालं, ते तिथे १९ वर्षांच्या आसपास पडून होतं. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. नवी आवृत्ती आपणच जाऊन आणायची. क्रोम स्वतः अपडेट उतरवतो, पण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते लागू होत नाही. एखाद्या वेबसाइटवर 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा' असं झळकलं, तर न दाबता ते पान बंद करावं. खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत मिळतं.

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली खोली. लग्नपत्रिकांचे नमुने, जुना चौकोनी मॉनिटर.]

या ताई घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईची पानं मांडायचं काम करतात. त्यांच्या पीसीवर त्यासाठीचं पेजमेकर ७ आहे, २००१ सालचं. त्यानंतर पेजमेकरची मोठी आवृत्ती निघालीच नाही. फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला. फॉन्ट हरवला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसता कचरा दिसतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांच्या पावत्या, सगळी कमाई या फाइलींत. अशा माणसाला 'अपडेट करा नं' म्हणणं सोपं आहे. ताईंनी काढलेला मार्ग आम्हाला पटला. या पीसीची नेटची वायर काढून ठेवलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर ताई दुसऱ्या, अपडेट असलेल्या लॅपटॉपवर घेतात, पेन ड्राइव्ह तिथेच तपासतात, मग इकडे लावतात. जमेल तसं जुनं काम युनिकोडमध्येही नेणं चालू आहे. कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबडतो, 'तऱ्हा'मधला र तर बऱ्याचदा फुटतो, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

अपडेट घात करत नाही असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बसवली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते कंपन्यांत वापरायचं सॉफ्टवेअर होतं, घरातलं नव्हे. तरी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावीत. दोन-तीन दिवस थांबून अपडेट घेतलं तरी चालेल, महिनाभर नको. जून लागताना वादळ येतं आणि लाईट जाते. अर्धवट राहिलेलं अपडेट विंडोज सहसा स्वतःच मागे घेते, पण छोटा यूपीएस असलेला बरा. आणखी एक: रोज रात्री 'शट डाउन' करणं पुरत नाही. फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हायची सोय, चालू असेल तर यंत्र पूर्ण बंद होतच नाही, आणि काही अपडेट अडकून राहतात. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट'च हवं.

[दृश्य: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट.]

इथे 'विंडोज १०' दिसत असेल तर प्रकरण वेगळं. तिचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, त्यामुळे २०१५-१६ चे असेंबल्ड पीसी त्यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतील अशी सोय कंपनीने जाहीर केली. त्यापुढे अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. ते फुकट आहे, जुन्या पीसीवर बऱ्यापैकी पळतं, आणि ब्राउझर, व्हिडिओ, कॅप राउंडचा फॉर्म एवढं काम असलेल्या घराला पुरतं. पेजमेकर त्यावर सरळ चालत नाही, म्हणून महालातला तो पीसी आहे तिथेच, वायरीविना.