फुली दाबली, तरी फाइल सुटेना

श्रोतेहो, नमस्कार.

महिनाअखेरीला कुठल्याही लहानमोठ्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'अहो, ही फाइल कोणी उघडून ठेवलीय?' पगाराचा एक्सेल तक्ता उघडायला जावं, तर पडद्यावर सूचना येते की फाइल वापरात आहे, अमक्यानं ती अडवून धरलीय. आणि त्या अमक्याच्या जागी चक्क आपलंच नाव असतं! आपण तर मघाशीच एक्सेल बंद करून चहाला गेलो होतो. मग हा दुसरा 'मी' आला कुठून?

तो दुसरा मी म्हणजे बंदच न झालेलं एक्सेल. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी मिटते, प्रोग्रॅम संपलाच असेल असं नाही. दुकानाचं शटर खाली ओढलं तरी आत गल्ला मोजणं चालू असतं, तसंच. आणि ते मोजणं बरेचदा गरजेचंच असतं. मोठी फाइल पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर सेव्ह होत असेल, तर खिडकी गेल्यावरही प्रोग्रॅम थोडा वेळ घेतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: मिनिटभर काही करू नका. पेन ड्राइव्ह तर अजिबात उपटू नका.

मिनिट गेलं, तरी फाइल सुटत नाही? मग कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात वरच्या भागात 'ॲप्स' म्हणून यादी असते, म्हणजे ज्यांच्या खिडक्या उघड्या आहेत ते प्रोग्रॅम. त्याखाली 'बॅकग्राउंड प्रोसेसेस', म्हणजे खिडकी नाही पण जीव आहे असे. आपलं हट्टी एक्सेल सहसा या खालच्या यादीत सापडतं. त्याच्या ओळीत सीपीयू आणि डिस्कचे आकडे हलत असतील तर ते अजून काहीतरी करतंय, आणखी थोडा धीर धरा. आकडे शून्यावर बसलेले असतील तर ते बहुधा अडकलंय. त्या ओळीवर क्लिक करून 'एंड टास्क' द्या.

इथे एक धोका आहे. एक्सेल 2013 पासून प्रत्येक फाइल वेगळ्या खिडकीत दिसते, पण त्या सगळ्या फायली सहसा एकाच प्रोग्रॅमच्या पोटात असतात. घाईत वरच्या यादीतलं एक्सेल मारलंत, तर शेजारी उघडी असलेली दुसरी फाइलही जाईल, आणि 'एंड टास्क' नेहमी सेव्ह करायचं का म्हणून विचारत बसत नाही. एक्सेलची आपोआप जपणूक मुळात दर 10 मिनिटांनी होते, म्हणजे शेवटच्या काही मिनिटांचं काम गेलंच समजा. म्हणून आधी उघडं आहे ते सगळं सेव्ह करा, मग खालच्या यादीकडे वळा.

वीज गेली आणि कॉम्प्युटर तसाच बंद पडला असेल, तर भानगड वेगळी. एक्सेल आणि वर्ड फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल करून ठेवतात. तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं. फाइल कोणाच्या ताब्यात आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. एरवी ती आपोआप पुसली जाते. मशीन धाडकन बंद पडलं तर मागे राहते. ऑफिसात कोणाकडेही ती मूळ फाइल उघडी नाही याची खात्री करून मगच ती छोटी फाइल काढून टाकायची.

हे रोजचंच होत असेल, तर रोज 'एंड टास्क' मारत बसण्यात अर्थ नाही. कंट्रोलची कळ दाबून धरून एक्सेल सुरू करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असं ते विचारेल, 'हो' म्हणा. त्या अवस्थेत ते नीट बंद होत असेल, तर दोष बहुतेक एखाद्या ॲड-इनचा, म्हणजे एक्सेलला चिकटलेल्या जोड-प्रोग्रॅमचा असतो, कारण सेफ मोडमध्ये हे जोड-प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. ऑप्शन्समध्ये ॲड-इन्सच्या पानावर जाऊन ते एकेक बंद करून पाहा. बिलिंगचं सॉफ्टवेअर एक्सेलमध्ये रिपोर्ट काढून देतं ना, तेही कधीकधी पडद्याआड एक्सेल उघडतं आणि बंद करायचं विसरतं. अशा वेळी दुरुस्ती तुमच्या हातात नाही, सॉफ्टवेअर देणाऱ्यालाच फोन लावायचा.

आता काही प्रोग्रॅम मात्र मुद्दाम मागे राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंडमधली ॲप्स चालू ठेवण्याचा एक पर्याय असतो. नको असेल तर बंद करा. घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलंत, तर तिथे आणखी काही मंडळी बसलेली दिसतील. त्यांच्यावर राइट क्लिक करून 'एक्झिट' किंवा 'क्विट' म्हणायचं. मॅकवर तर ही रीतच आहे: लाल बटणानं बहुतेक प्रोग्रॅमची फक्त खिडकी जाते, डॉकमधल्या चित्राखाली ठिपका तसाच राहतो. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू.

गंमत पाहा, 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस विंडोज 11 चं एक अपडेट आलं आणि ते घेतलेल्या काही मशीनवर खुद्द टास्क मॅनेजरच बंद होईना. फुली दाबावी, खिडकी जावी, आणि पुन्हा उघडलं की आधीचा जिवंत असायचाच, वर नवा एक! मायक्रोसॉफ्टनं नंतरच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त केलं.

क्वचित एखादा प्रोग्रॅम 'एंड टास्क'लाही दाद देत नाही. तो बहुधा एखाद्या ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटर किंवा डिस्क चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, उत्तराची वाट पाहत अडकलेला असतो. मग मशीनच पुन्हा सुरू करावं लागतं, आणि तिथे 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट' निवडा. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण ड्रायव्हरसकट विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठवला जातो. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

आणि रीस्टार्टनंतर कालचेच प्रोग्रॅम आपोआप उघडलेले दिसले, तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथे रीस्टार्ट होऊ शकणारी ॲप्स जपून पुन्हा उघडण्याचं एक बटण आहे. ते बंद करा. नमस्कार.