पडलेल्या डॉगवूडचे पहिले दोन दिवस

मंडळी, एप्रिलात इथे उत्तर कॅरोलायनात ज्या झाडांनी गल्ल्या पांढऱ्या होतात, ते डॉगवूड. त्या चार पांढऱ्या ‘पाकळ्या’ खरं तर पाकळ्या नव्हेतच, रंग बदललेली पानं आहेत. खरी फुलं मधल्या हिरवट-पिवळ्या गुच्छात दडलेली असतात. १९४१ पासून हे या राज्याचं फूल आहे. पण आज आपल्याला फुलांशी कर्तव्य नाही. झाड पडल्यावर जे उरतं, ते लेथपर्यंत (लाकूड फिरवत ठेवून वाडगे कातायच्या यंत्रापर्यंत) धड कसं पोचवायचं, एवढाच आजचा विषय.

मराठीत या झाडाला नाव नाही. भाऊबंद हिमालयात आहेत, पण अमेरिकेचं हे झाड आपल्याकडचं नव्हे. याच्या जुन्या कामाशी मात्र आपली ओळख आहे. गिरणगावातल्या घरांत मागावरचा धोटा कुणाला सांगावा लागत नाही. ताण्याच्या सुतांमधून दिवसभर इकडून तिकडे आपटत धावणारा तो तुकडा ज्या लाकडाचा करायचा, ते कठीण तर हवंच, पण झिजताना त्याची कूस (बारीक कुसळ) निघता कामा नये. कूस निघाली की सूत तुटलं. डॉगवूड झिजताना उलट अधिकच गुळगुळीत होतं. म्हणून अमेरिकेत तोडलेलं बहुतेक डॉगवूड एके काळी धोट्यांनाच जायचं. पुढे प्लास्टिक आलं, मग बिनधोट्याचे माग आले, आणि ही मागणी संपली. आज वखारीत हे लाकूड जवळजवळ मिळत नाही. झाडच मुळात पाच ते दहा मीटर उंचीचं, बुंधा पंधरा-वीस सेंटिमीटरचा, फार तर पंचवीस, तोही वाकडा. आरा गिरणीवाला त्याच्याकडे बघतही नाही. त्यामुळे कातकाम करणाऱ्याला ते मिळणार ते पडलेल्या किंवा पाडलेल्या झाडाचंच.

आता आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. कठीणपणाच्या जांका चाचणीत (पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात) डॉगवूड २१५० पौंडांच्या आसपास भरतं. शुगर मेपल १४५०, आपला साग १०७०. वाळल्यावर घनमीटरला साधारण ८१५ किलो. ओलं असताना जवळजवळ पाण्याइतकं जड, म्हणजे वीस सेंटिमीटर जाडीचा, अठ्ठावीस सेंटिमीटर लांबीचा ओंडका नऊ किलोंचा. आणि खरी गोम आकसण्यात आहे. हिरव्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने ते ११.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे ७.४ टक्के. या दोहोंचं प्रमाण १.६. ते वाईट नाही, व्हाइट ओकचं याहून जास्त आहे. पण प्रमाण बरं म्हणून गाफील राहणाऱ्याला हे लाकूड दगा देतं, कारण दोन्ही आकडे मुळातच मोठे आहेत. ओंडका आडवा कापून उघडा ठेवला तर टोकं आधी वाळतात आणि आकसू बघतात. आतला ओला भाग त्यांना आकसू देत नाही. मग ताण मोकळा होतो तो गाभ्यापासून सालीपर्यंत फाटूनच. उन्हाळ्यात एक दुपार पुरते.

झाड ओळखणं सोपं आहे. सालीवर मगरीच्या कातडीसारखे बारीक चौकोन. फांद्या समोरासमोर जोडीने. पानाच्या शिरा काठाला समांतर वळत टोकाकडे जातात. पान आडवं हलकेच फाडलं तर दोन्ही तुकडे बारीक पांढऱ्या धाग्यांनी जोडलेले राहतात. हिवाळ्यात फुलांच्या कळ्या छोट्या कांद्यासारख्या दिसतात.

लाकूड मिळतं तीन ठिकाणी: रस्ता किंवा घर बांधायला साफ केलेली जागा, वादळ आणि अंगणात मेलेलं झाड. तिन्हीकडे मालकाची परवानगी आधी. राष्ट्रीय उद्यानातून तर काडीही उचलायची नाही. ओंडके दुसऱ्या राज्यात न्यायचे असतील तर दोन्हीकडचे किडीविषयीचे नियम बघा. बांधकामाच्या जागेवरचं लाकूड सगळ्यात चांगलं, कारण ते जिवंत झाड असतं. वादळातलं जपून घ्यावं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने राज्याच्या पश्चिमेला जंगलंच्या जंगलं आडवी केली. अशा वेळी डॉगवूड स्वतःहून क्वचित पडतं. वरचा ओक त्याच्या अंगावर पडतो. त्या भाराने वाकलेल्या बुंध्यात आतल्या बाजूला आडव्या, केसासारख्या मोडी असतात. लाकूड वरून धड दिसतं, आणि वाडग्याची भिंत पातळ झाली की अचानक दोन तुकडे. वाकलेला भाग सोडून द्या, लोभ नको.

मेलेल्या झाडांत बहुतेकदा अँथ्रॅक्नोज असतो. ही बुरशी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दिसली. ती आधी पानं आणि डहाळ्या मारते, मग बुंध्यावर व्रण करते. व्रणाखालचा पट्टा सोडून बाकी लाकूड चांगलं असू शकतं, पण झाड उभ्याउभ्या वर्षभर मेलेलं असेल तर सालीखाली बोरर अळीची भोकं आणि मऊ पडलेलं लाकूड धरूनच चाला. पटाशीचं टोक दाबून बघा. रुतलं तर ते सरपण. अंगणातल्या झाडात खिळे आणि कपडे वाळत घालायच्या तारा हमखास असतात, तेव्हा चेनसॉ लावण्याआधी धातुशोधक फिरवा.

मुख्य काम पहिल्या दोन दिवसांचं. ओंडके शक्य तितके लांब ठेवा, कारण टोकाचे चार-पाच सेंटिमीटर फाटून वाया जाणारच. एक मीटरच्या ओंडक्यात ते परवडतं, वीस सेंटिमीटरच्यात नाही. कापल्याबरोबर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, दोन्ही टोकांना अँकरसीलसारखं पाण्यात मिसळणारं मेण जाड फासा. नसेल तर वितळवलेलं पॅराफिन, तेही नसेल तर भिंतीच्या लेटेक्स रंगाचे तीन हात. फांद्या छाटलेल्या जागाही विसरू नका. साल राहू द्या. ओंडके सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणारे पुष्कळ भेटतात. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यांचं गुलाबीसर लाकूड करड्या-निळ्या डागांनी भरतं. डॉगवूडचं सौंदर्य त्या फिकट गुलाबी रंगातच आहे, आणि डाग खोल गेला की घासून जात नाही. निवड आपली असेल तर झाड हिवाळ्यात पाडावं. थंडीत बुरशीही मंद, वाळणंही मंद.

मग गाभा काढायचा. ओंडका व्यासापेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब कापा आणि गाभ्यातून उभा चिरा. चेनसॉने चिरताना ओंडका घोडीत आडवा घट्ट बसवा. पाती रेषेला (लाकडाच्या उभ्या तंतूंना) समांतर धरली की लांब शेवयांसारखा भुसा निघतो आणि काम झपाट्याने होतं, फक्त त्या शेवया साखळीच्या झाकणात अडकतात, म्हणून दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून साफ करा. बँडसॉवर (पट्टीच्या यांत्रिक करवतीवर) गोल ओंडका आधाराशिवाय कधीच नको; पातं त्याला गरकन फिरवतं आणि हातही सोबत नेतं. चिरल्यावर दोन्ही अर्धांच्या मधून गाभ्याभोवतीचं एक सेंटिमीटर काढून टाका. तिरक्या वाढलेल्या झाडात गाभा एका बाजूला सरकलेला असतो. डॉगवूड मोठ्या झाडांच्या सावलीत उजेडाकडे झुकत वाढतं, त्यामुळे हे नेहमीचंच. वरच्या बाजूचं लाकूड ताणलेलं असतं, लोकरीसारखं कापलं जातं आणि वाळताना वेडंवाकडं फिरतं. त्यातून वाडगा करू नये.

ओल्या लाकडाचा वाडगा दोनदा कातायचा: आधी जाडसर, आणि वाळून वाकडा झाला की पुन्हा गोल. पहिल्या खेपेला भिंतीची जाडी व्यासाच्या दहा टक्के ठेवावी, असा कातणाऱ्यांचा सर्वसाधारण नियम आहे. डॉगवूडला तो पुरत नाही. हिशेब करून बघू. ओला वाडगा अठरा सेंटिमीटरचा, भिंत १.८. वाळल्यावर रेषेच्या दिशेने तो अठराच राहतो, आडवा मात्र ११.८ टक्के गेले तर १५.९ उरतो. आतली पोकळी लांबीकडे १४.४. बाहेरून १५.९ चा गोल आणि आतून १४.४ चा, म्हणजे भिंत उरली साडेसात मिलिमीटर, तीही वाडगा अजिबात न पिळवटता वाळला तर. पिळवटतो तो. हा सगळ्यात वाईट हिशेब आहे, पण भिंत २.२ ठेवली की कागदावर साडेअकरा मिलिमीटर राहतात आणि जीव भांड्यात पडतो. यापेक्षा जाड केली तर आतलं-बाहेरचं एकसारखं वाळत नाही आणि तडा बुडाशी जातो. भिंत आणि बूड एकाच जाडीचं हवं. चकसाठीची (लेथच्या जबड्यात धरायची) बुडाची खुंटी पाच-सहा मिलिमीटर मोठी ठेवा, तीही लंबगोल होणार आहे. वाळल्यावर वाडगा टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने) दाबून आधी खुंटी गोल करा, मगच चकमध्ये धरा.

कातून झाल्याबरोबर वाडगा त्याच्याच ओल्या भुशासह जाड कागदी पिशवीत घाला. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा आणि दर आठवड्याला वजन करा. हजार ग्रॅमचा वाडगा साधारण ६७० च्या आसपास थांबतो. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की वाळला. तीन ते सहा महिने धरा. ज्यांना धीर नाही त्यांनी एकाच बैठकीत तीन-चार मिलिमीटरपर्यंत पातळ कातावं आणि वाकेल तसं वाकू द्यावं; पातळ भिंतीत ताण साठत नाही.

ओलं डॉगवूड लोण्यासारखं कापलं जातं, वाळलेलं हत्यार बोथट करतं. रेषा आलटून पालटून तिरक्या जातात, म्हणून शेवटचे काप नुकत्या धार लावलेल्या गाऊजने (कातायच्या खोलगट पटाशीने) हलके घ्या. पॉलिश पेपरने घासताना लेथ हळू ठेवा. दाबून घासलं की लाकूड तापतं आणि बुडाच्या आडव्या रेषांवर बारीक तडे पडतात. तीनशे-चारशेच्या पेपरनंतर दिसले तर पुन्हा दीडशेपासून सुरुवात. जवसाच्या तेलाने रंग पिवळा पडतो. गुलाबी टिकवायचा असेल तर मेण किंवा पाण्यावर आधारित लॅकर. घासताना मास्क लावा, ही धूळ फार बारीक असते.

उरलेले पाच-सात सेंटिमीटरचे तुकडे फेकू नका. कुऱ्हाडीने गाभ्यातून चार फाका करा. करवतीपेक्षा फाडलेला तुकडा रेषेला इमानी राहतो. टोकांना मेण, वर तारीख, आणि वर्षभर मांडणीवर. त्यातून हातोड्याचं डोकं, पटाशीची मूठ, बुद्धिबळाची प्यादी, भोवरे निघतात. सावंतवाडीच्या पद्धतीने लाख चढवायची असेल, तर बारीक पोताचं हे लाकूड तिलाही चालेल. फक्त लाख फिरत्या लाकडावर घासून, उष्णतेने चढते, आणि उष्णतेने या लाकडाचं काय होतं ते मघाशी सांगितलंच. तेव्हा लाख थोडी, दाब कमी, आणि मध्ये मध्ये लेथ थांबवून बोटाने तापमान बघत.