कवडसा आणि कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातल्या जुन्या कौलारू घरात, माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर पडणारे कवडसे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. कौलांमधली बारीक फट कितीही वेडीवाकडी असली तरी कवडसा वाटोळाच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून साक्षात सूर्याचे चित्र असते. फटीपासून जमिनीपर्यंत प्रकाशाने जेवढे अंतर कापले, त्याच्या सुमारे १०८ व्या भागाएवढा त्याचा व्यास असतो. साडेतीन मीटर अंतर असेल, तर सुमारे सव्वातीन सेंटिमीटर. सूर्याला खंडग्रास ग्रहण लागले की हेच कवडसे कोरीसारखे दिसू लागतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कोकणातून तसे ग्रहण दिसले होते. ग्रहणातल्या या कोरींचा शास्त्रशुद्ध अभ्यास इब्न अल-हैथम या विद्वानाने अकराव्या शतकातच केला होता.

कॅमेऱ्याचा पाया हाच आहे. एका बाजूला बारीक छिद्र आणि समोरच्या बाजूला पडदा असलेला बंद डबा डोळ्यांसमोर आणा. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून माडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण छिद्रातून डब्याच्या तळाकडे जातो, बुंध्याकडून निघालेला वर जातो आणि मागच्या पडद्यावर उलटा माड उमटतो. परंतु छिद्र मोठे केले, तर शेंड्याच्या एकाच बिंदूकडून आलेला प्रकाश पडद्यावर पसरतो आणि चित्र पुसट होते. लहान केले, तर ते रेखीव होते, पण अंधारते. फारच लहान केले, तर प्रकाश तरंगरूप असल्यामुळे छिद्राच्या कडांशी वळून पसरतो आणि रेखीवपणाही हातचा जातो. पडदा पाच सेंटिमीटरवर असेल, तर पाव मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र सर्वांत सोयीचे ठरते.

ही कोंडी भिंगाने फोडली, आणि माझ्या मते कॅमेऱ्याच्या साऱ्या विज्ञानात याहून सुंदर गोष्ट नाही. हवेत सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत सुमारे दोन लाखांवर येतो. या मंदावण्यामुळे तो वळतो आणि भिंगाला असा घाट दिलेला असतो की, एका बिंदूतून निघून भिंगाच्या निरनिराळ्या भागांवर पडलेले सर्व किरण पलीकडे पुन्हा एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे पाव मिलिमीटरच्या छिद्राऐवजी पंचवीस मिलिमीटर रुंदीचे भिंग वापरता येते. व्यास शंभरपट झाला, म्हणजे क्षेत्रफळ आणि आत येणारा प्रकाश दहा हजारपट झाला. छिद्राच्या डब्याला ज्या चित्रासाठी दहा सेकंद लागतील, ते भिंगाला सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपता येते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात शिरणारी, लाटेवर डोलणारी होडी स्थिर दिसते ती यामुळेच.

याची किंमतही मोजावी लागते. भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण रेखीव दाखवते. होडीवर नेम साधला की रत्नदुर्गाजवळचे दीपगृह धूसर होते. दोन्ही हवे असतील, तर भिंगामागचे छिद्र आवळावे लागते. ते निम्म्या व्यासाचे केले की प्रकाश एक चतुर्थांश होतो आणि शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते.

पडद्याच्या जागी पूर्वी फिल्म होती, आज सिलिकॉनची चकती आहे. तिच्यावर प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि अशा इलेक्ट्रॉनांची मोजदाद म्हणजेच छायाचित्र. प्रकाश कणांच्या रूपाने शोषला जातो, हा विचार आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला होता.

मोबाइलने संध्याकाळी काढलेल्या फोटोत जे रवाळ ठिपके दिसतात, त्यांचे मोठे कारण या कणरूपातच आहे. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. चकतीच्या एका ठिपक्याएवढ्या भागावर सरासरी शंभर कण पडत असतील, तर त्यात दहाएक कणांचा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडले, तर चढउतार शंभराचा, म्हणजे एकच टक्का. मोबाइलचे भिंग चिमुकले असल्याने अंधारात कण कमीच येतात. म्हणून तिन्हीसांजेला समुद्राचा फोटो घ्यायचा असेल, तर मोबाइल हातात न धरता चिऱ्याच्या गडग्यावर घट्ट टेकवून ठेवावा आणि शटरला जास्त वेळ द्यावा.