जाऊन येते

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी घराबाहेर पडताना तुम्ही काय म्हणता? 'जाते' असं आपण म्हणत नाही. लहानपणी कधी चुकून म्हटलंच, तर आमची आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." म्हणून चपला सरकवता सरकवता मी म्हणायची, "आई, जाऊन येते."

आता हे ऐका. जपानी घरातली शाळकरी मुलगी दारात बूट चढवताना म्हणते, 'इत्तेकिमास'. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आतून उत्तर येतं, 'इत्तेराश्शाय', म्हणजे जाऊन ये. कोरियन मुलगी म्हणते, 'तान्योओगेस्सुम्निदा'. अर्थ पुन्हा तोच. पडद्याच्या तळाशी पळणारी इंग्रजी अक्षरं मात्र 'मी निघाले' एवढंच सांगतात आणि 'येते' तिथे गळून पडतं. मला जपानी आणि कोरियन मालिकांचं, चित्रपटांचं इतकं वेड का आहे असं कुणी विचारलं, की मी त्यांना हे दारातलं बोलणं ऐकवते.

हे वेड मला लागलं 2011 साली, पुण्यातल्या वसतिगृहात. माझी रूममेट इम्फाळची होती. मणिपूरमध्ये 2000 साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती रिकामी जागा कोरियन वाहिनीने आणि बाजारात मिळणाऱ्या सीडींनी भरून काढली. त्यामुळे बाकी देशाला कोरियन मालिकांचा पत्ता नव्हता, तेव्हा ही मुलगी त्या बघत लहानाची मोठी झाली होती. परीक्षा संपली त्या रात्री तिने लॅपटॉप दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर ठेवला आणि आम्ही पहाटे चारपर्यंत बघत बसलो. मला आठवतं ते एवढंच, की मालिकेतली एक आई फोनवर मुलाला पहिलाच प्रश्न विचारते, "जेवलास का?" कामाचं, पैशाचं सगळं नंतर. माझ्या आईचा फोनही अगदी असाच सुरू होतो.

पुढे मी जपानीच्या वर्गाला नाव घातलं. पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाई नाही. इथे वर्षानुवर्षं मुलं ही भाषा शिकतायत, दर वर्षी परीक्षेला बसतायत. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बागसुद्धा ओकायामाच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर उभी आहे. वर्गाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी अक्षरांचा तक्ता लावला. स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी सरळ बसले. ही तर आपली वर्णमाला! क, मग च-वर्गाच्या जागी स, मग त, न, मग प-वर्गाच्या जागी ह, कारण जुन्या जपानीत तिथे प होता. पुढे म, य, र, व, अगदी आपल्याच क्रमाने. जपानी अक्षरांची वळणं चिनी लिपीतून आली. पण त्यांचा हा क्रम बौद्ध भिक्खूंमुळे आला. मंत्र नीट उच्चारता यावेत म्हणून ते सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकत असत. कोरियाचा सेजोंग राजा तर त्याहून पुढे गेला. त्याने 1443 साली नवी लिपीच घडवली, 1446 मध्ये ती लोकांपुढे ठेवली, आणि मुख्य व्यंजनांचे आकार बेतले ते उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, घसा कसे असतात त्यावरून. शाळेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य घोकलेल्या कुणालाही ही लिपी आठवडाभरात वाचता येईल. खरंच करून बघा.

आणि आवाज! रेडिओवर बोलतेय तर आवाजांविषयी बोललंच पाहिजे. आपण पावसाला रिमझिम म्हणतो, मुसळधार म्हणतो, पागोळ्या टपटपतात म्हणतो. जपानीत पहिले तुरळक थेंब पडतात ते 'पोत्सु-पोत्सु', हळुवार पाऊस 'शितो-शितो' आणि कोसळतो तो 'झा-झा'. काळीज धडधडतं ते जपानीत 'दोकी-दोकी' आणि कोरियनमध्ये 'दुगुन-दुगुन'. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. तिच्यात हे आवाज चित्राचाच भाग म्हणून काढलेले असतात. निःशब्द शांततेलासुद्धा तिथे आवाज आहे, 'शीऽऽन'.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 1988 सालच्या 'माय नेबर तोतोरो' या चित्रपटात एक बसथांबा आहे. रात्र आहे, पाऊस पडतोय. मोठी बहीण छत्री घेऊन वडिलांची वाट बघतेय, धाकटी तिच्या पाठीवर झोपलीय. शेजारी एक अगडबंब, केसाळ वनप्राणी येऊन उभा राहतो. डोक्यावर फक्त एक पान. ती त्याला जास्तीची छत्री देते. झाडावरून छत्रीवर थेंब पडतो, टप्. त्याचे डोळे विस्फारतात. मग आवाजाच्या मोहाने तो एक उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी धो-धो खाली येतं. त्या प्रसंगात बोलणं जवळजवळ नाहीच. मी तो किती वेळा पाहिलाय त्याचा हिशेब नाही. दर वेळी मला साताऱ्याच्या घरचा पत्रा ऐकू येतो.

गाण्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण बीटीएस या सात कोरियन गायकांच्या गटाची ओळख आता घरोघरी आहे. 2020 मध्ये त्यांचं पहिलं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल आलं ते इंग्रजीत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक तिथेच पोहोचलं, 'लाइफ गोज ऑन', आणि ते मुख्यतः कोरियनमध्ये होतं. मला हे कोरियन गाणं जास्त प्यारं आहे. सगळं बंद होतं त्या वर्षी मी ते रोज ऐकत होते.

त्याच वर्षी मी साताऱ्याला आईजवळ होते. संध्याकाळी मी मालिका बघायची आणि आई शेजारी गवार मोडत बसायची. इंग्रजी अक्षरं तिला भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मराठीत सांगत जायची. एका मालिकेत एक तरुण आपल्यापेक्षा वयाने मोठ्या मुलीला 'नूना' म्हणायचा. नूना म्हणजे मुलाने मारलेली ताई ही हाक. एका संध्याकाळी जिन्यात थांबून त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारली. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगंबाई, हा ताई म्हणायचा थांबला!" मी खाली पाहिलं. इंग्रजीत आधीही तिचं नावच लिहिलेलं होतं, आताही नावच होतं. काही घडलंय याचा मागमूस नाही. आईने मात्र ते कानाने टिपलं होतं. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं ही केवढी मोठी उडी असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कोरियनमध्ये त्याला 'बोलणं खाली ठेवणं' म्हणतात, डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं.

सध्या आम्ही दोघी 'रिप्लाय 1988' बघतोय. मी दुसऱ्यांदा, आई पहिल्यांदा. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, वर्ष ऑलिंपिकचं, पाच शेजारी मुलं. नायिकेचे वडील बँकेत आहेत, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे कुटुंब अर्ध्या तळघरात भाड्याने राहतंय. "जामीन राहू नये, म्हणून तर सांगतात," आई म्हणाली. पहिल्याच भागात रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रत्येक आई आपल्या घरातलं काहीतरी मुलाच्या हाती शेजारी पाठवते, आणि मूल परत येतं ते दुसऱ्या घरचं भांडं घेऊन. पुन्हा पाठवणी, पुन्हा नवं भांडं. आई हसत सुटली. आमच्या वाड्यातही वाटी रिकामी परत जात नसे. वाडा पडून आता वीस वर्षं झाली. त्या रात्री तिने मला वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावं ओळीने सांगितली, कुणाकडून काय यायचं त्यासकट.

या मालिकेत नायिकेचं लग्न गल्लीतल्या नेमक्या कोणाशी झालं, हे शेवटपर्यंत झाकून ठेवलंय. एकूण वीस भाग आहेत, आमचे सोळा झालेत. आईचा कौल त्या अबोल मुलाला आहे, जो काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा बादुक खेळतो आणि ज्याला रोजच्या साध्या गोष्टीही धड जमत नाहीत. "त्याला सांभाळणारं कुणीतरी हवं," असं ती म्हणते. दर शनिवारी मी पुण्याहून घरात पाऊल टाकलं, की पाण्याचा पेला पुढे करता करता ती हळूच विचारते, "तोच ना गं?"

मी अजून काही सांगितलेलं नाही.