रिसर्चचा रकाना

(डेट्रॉइट परिसरातल्या आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. मुलांसाठी मधूनमधून इंग्रजीत बोलले होते, तो भाग संकेतस्थळासाठी मराठीत आणला आहे.)

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला.

दातांच्या डॉक्टरला संक्रांतीलाच भाषणाला बोलवायचं ज्याच्या डोक्यात आलं, तो माणूस धाडसी असला पाहिजे. चिक्कीच्या गुळाची वडी आणि दातातलं जुनं फिलिंग यांचं वैर मला चांगलं ठाऊक आहे. मघाशी एका काकांनी वडी हातात धरून माझ्याकडे बघत विचारलं, "खाऊ ना?" खा हो काका. फक्त रात्री ब्रश करून झोपा.

आता विषयाकडे वळते. गेली काही वर्षं मी एका डेंटल कॉलेजात शिकवते आणि प्रवेशाच्या मुलाखतींना बसते. त्यामुळे मंडळात कुठेही भेटले की कुणाची तरी आई मला बाजूला घेते आणि विचारते, "अगं, रिसर्च लागतोच का? नसेल तर नंबर लागणार नाही म्हणतात." आज सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकते. नाही, लागत नाही. अमेरिकेत सत्तरहून अधिक डेंटल कॉलेजं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची तशी अट नाही. आधी कॉलेजातले गुण आणि डॅटचा, म्हणजे डेंटलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर बघतात. मग मूल एखाद्या डेंटिस्टच्या मागे दिवसचे दिवस उभं राहिलंय का, म्हणजे शॅडोइंग केलंय का, ते बघतात. कुणाची सेवा केलीय का, हातानं काही बारीक काम करतं का, तेही बघतात. रिसर्चचा रकाना अर्जात असतो. तो रिकामा ठेवून आत आलेली आणि पुढे उत्तम डॉक्टर झालेली मुलं मी पाहिली आहेत.

हे ऐकून मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला दिसला. थांबा जरा.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण डेंटिस्ट कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात दवाखाना थाटायला आला. बघतो तर तिथे जन्मलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, काहींचे तर चॉकलेटी. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. कुणी डुकराच्या मांसावर ढकलायचं, कुणी वाईट दुधावर. पुस्तकात पाहिलं, तर पुस्तकात काही नाही. मॅकेनं दवाखाना सांभाळत तो प्रश्न धरून ठेवला. जी. व्ही. ब्लॅक म्हणजे त्या काळचं दंतशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना त्यानं गळ घातली आणि १९०९ मध्ये ते खरंच आले. दोघांच्या लक्षात आलं की डाग लहानपणीच पडतात, मोठेपणी त्या गावात राहायला गेलेल्यांना पडत नाहीत. आणि गंमत अशी की हे डागाळलेले दात किडत नव्हते. १९१५ साली ब्लॅक गेले, पण कारण सापडलं नव्हतं. पुढे आयडाहोतल्या ओकली गावात लोकांनी मॅकेच्या सांगण्यावरून पाण्याची पाइपलाइनच बदलली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. म्हणजे पाण्यात काहीतरी होतं. ते काय, हे कळलं १९३१ साली, तेही एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाकडून. ते होतं फ्लोराइड. त्याचा स्वतःचाच आधी विश्वास बसला नाही, म्हणून त्यानं पाण्याचा दुसरा नमुना मागवला होता.

एका माणसाच्या एका प्रश्नाला तीस वर्षं लागली. त्यानं डाग पाहिला यात विशेष काही नाही, डाग तर अख्खं गाव बघत होतं.

आता माझी गोष्ट सांगते. बीडीएसला असताना आमचं शिबिर यवतमाळकडच्या एका गावात गेलं होतं. शाळेच्या ओट्यावर मुलांची रांग, माझ्या हातात आरसा आणि प्रोब, शेजारी मैत्रीण रजिस्टर घेऊन बसलेली. मुलांच्या दातांवर तेच, फ्लोराइडचे पिवळे-तपकिरी डाग. मी म्हणायचे "फ्लोरोसिस", ती लिहायची "फ्लोरोसिस", की पुढचं मूल. दुपारपर्यंत पानं भरली, मग झुणका-भाकरी, मग बस. ही मुलं कुठल्या हातपंपाचं पाणी पितात, शेजारच्या वाडीतल्या मुलांना डाग का नाहीत, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. आम्हाला रोगाचं नाव पाठ होतं ना, तेवढ्यावर काम संपलं. मॅकेकडे ते नावसुद्धा नव्हतं.

रिसर्चचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला तो ओटा आठवतो.

ही फ्लोराइडची गोष्ट पुढे आपल्या मिशिगनमध्येच आली. पाण्यात थोडंसं फ्लोराइड घातलं तर डाग न पडता कीड कमी होईल का, हे बघायला २५ जानेवारी १९४५ या दिवशी ग्रँड रॅपिड्स शहरानं ते नळाच्या पाण्यात सोडलं. असं करणारं जगातलं ते पहिलं शहर. इथून गाडीनं अडीच तासांवर आहे, पण तिथे जाणारे आपण लोक पुढे तळ्यावर निघून जातो. पंधरा वर्षांत सुमारे तीस हजार शाळकरी मुलांचे दात तपासायचा तो प्रकल्प होता. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातली माणसंही त्यात होती. तुलनेसाठी शेजारचं मस्कीगन शहर ठेवलं होतं, तिथलं पाणी जसंच्या तसं. सहा वर्षांत तिथल्या लोकांना शेजारी काय चाललंय ते कळलं आणि १९५१ मध्ये त्यांनीही फ्लोराइड घ्यायला सुरुवात केली. प्रयोगातलं तुलनेचं गावच हातातून गेलं! संशोधकांनी कपाळावर हात मारला असेल, पण आईबापांचं काय चुकलं, सांगा. अकरा वर्षांनंतरचा आकडा असा की फ्लोराइड सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली होती.

मुलांनो, हे इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण हाच विषय आज मुलाखतीत येऊ शकतो. २०२५ साली युटा आणि फ्लॉरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड घालणं कायद्यानं बंद केलं. समजा मी विचारलं, "तुझं काय मत?" निम्मी मुलं म्हणतील फ्लोराइड चांगलं, थोडी म्हणतील वाईट. मला त्यात रस नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा, म्हणजे विषारी पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा, अहवाल आला. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी त्याचा संबंध दिसतो, असं त्यात मध्यम खात्रीनं म्हटलं आहे. अमेरिकेत नळाच्या पाण्यासाठी शिफारस आहे ०.७ मिलिग्रॅमची, आणि तेवढ्या पातळीबद्दल काही ठरवायला माहिती पुरेशी नाही, असंही तोच अहवाल सांगतो. एखादी मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आधी किती फ्लोराइड ते बघावं लागेल, आणि हे अभ्यास कुठल्या देशांतले आहेत तेही," तर मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करते. तिनं कधीतरी, कुणाच्या तरी हाताखाली बसून, एखादा संशोधनाचा पेपर नीट वाचलेला असतो. असं वाचायची सवय एका रात्रीत लागत नाही.

माझं स्वतःचं संशोधन कसं होतं, तेही ऐका. लग्न करून इथे आले तेव्हा डिपेंडंट व्हिसा होता. काम करायला परवानगी नाही, बीडीएसची पदवी कपाटात. ओळखीतून एका लॅबमध्ये बिनपगारी मदतीला जायला लागले. काढलेले दात कापायचे, घासायचे, त्यावर फिलिंगचं मटेरियल चिकटवायचं आणि मशीनमध्ये धरून किती जोर लावल्यावर ते सुटतं ते मोजायचं. अकरा आठवडे आकडे असे काही येत होते की आज वीस, उद्या सात. मशीनवर संशय घेतला, मटेरियलवर घेतला, माझ्या हातांवर घेतला. शेवटी एके दिवशी फ्रिज उघडला तर दातांच्या एका डबीचं झाकण तिरकं लागलेलं, आणि आतलं द्रावण आटून दात कोरडे ठणठणीत. झाकण लावणारी मीच. सगळं पाण्यात गेलं म्हणावं, तर पाणीच नव्हतं!

रडकुंडीला येऊन प्राध्यापकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दात कोरडे पडल्यामुळेच आकडे बिघडले, हे तुला कशावरून माहीत?" मला माहीत नव्हतं, मी नुसतं धरून चालले होते. मग मुद्दाम दहा दात वाळवले, दहा ओले ठेवले, आणि पुन्हा मोजायला बसले. त्याचा पेपर झाला नाही, परिषदेत लावायचं साधं पोस्टरही नाही. पण पुढे परदेशी डेंटिस्टांसाठीच्या प्रोग्रॅमला मुलाखत दिली तेव्हा समोरच्यांनी वीस मिनिटं त्या डबीबद्दलच विचारलं. माझ्या बीडीएसच्या मेडलची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून सांगते, कुणी काम केलंय आणि कुणी नाव घालून घेतलंय हे तीन प्रश्नांत कळतं. एका मुलाच्या अर्जात तोंडातल्या जिवाणूंवरच्या दोन पेपरांत नाव होतं. मी विचारलं, "नमुने कुठून घेतले होते, लाळेतून की दातावरच्या थरातून?" तो माझ्याकडे बघत राहिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याच दिवशी आलेल्या एका मुलीनं वर्षभर झेब्राफिशच्या टाक्या धुतल्या होत्या. पेपर नाही, काही नाही. पण या माशाचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे जबड्याची कूर्चा कशी तयार होते ते जिवंतपणी बघता येतं, हे ती हातवारे करून सांगत होती. कुठल्या आठवड्यात मासे मेले आणि का, तेही तिला पाठ होतं.

पालकांशी थोडं कडक बोलते. हल्ली पैसे भरले की तीन महिन्यांत पेपर छापून देऊ, अशा जाहिराती तुमच्या व्हॉट्सॲपवर येतात. पी हळद आणि हो गोरी! त्यात पैसे घालवू नका. मित्राच्या लॅबमध्ये पोराचं नाव चिकटवून घेणं हा त्याचाच फुकटातला प्रकार. आणि ज्या मुलाला याची खरंच आवड नाही, त्याला ढकलू नका. तोच वेळ तो मोफत दवाखान्यात खुर्च्या पुसण्यात घालवू दे, त्याबद्दल तो निदान मनापासून बोलेल.

ज्यांना करायचं आहे त्यांनी विषय दातांचाच हवा म्हणून अडून बसू नये. रसायन चालेल, मानसशास्त्र चालेल. ॲन आर्बरला असाल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये जागा मिळवून देणारा युरॉप नावाचा कार्यक्रम आहे, तिथे जा. नसाल तर प्राध्यापकांना मेल करा. मेल पाच ओळींचा, आणि त्यातली एक ओळ त्यांच्याच एखाद्या पेपरातल्या न समजलेल्या गोष्टीबद्दल. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा. सुरुवातीला काचेची भांडी धुवायला लागतील, धुवा. उन्हाळ्याचे सहा आठवडे धावपळ करण्यापेक्षा वर्षभर आठवड्याचे सहा-आठ तास बरे, कारण काम बिघडायला आणि ते पुन्हा सुधारायला तेवढा वेळ लागतोच. शिफारसपत्रही मग तुम्हाला खरंच ओळखणारा माणूस लिहितो.

आणि लॅबचं नाव काढलं की ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्यासाठी आपल्या घरचं उदाहरण आहे. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणू आणि विश्वकिरणांचा अभ्यास चालायचा तिथेच, दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय आणि तोंडाचा कॅन्सर, त्याआधीचे पांढरे चट्टे, यांची गाठ कुठे पडते ते बघायला. १९७२ साली ते छापून आलं. लागलं काय, तर आरसा, उजेड, नीट आखलेला तक्ता आणि चालायची तयारी. आमच्या शिबिरातही यातलं बहुतेक सगळं होतं. तक्ता तेवढा नव्हता.

समोर बीडीएस करून आलेल्या तीन-चार जणी दिसताहेत. तुमचा अर्ज वेगळ्या वाटेनं, कॅपिड या परदेशी डेंटिस्टांसाठीच्या अर्जसेवेतून जातो, आणि तुमच्याकडे आयएनबीडीई या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास असतो, घर असतं, कडेवर मूल असतं. तुम्हाला लॅबचा एक जादा फायदा आहे. इथली माणसं कशी बोलतात, "मला माहीत नाही" हे वरिष्ठांसमोर कसं म्हणतात, ते तिथे कळतं. मला हे वाक्य बोलायला दीड वर्ष लागलं. व्हिसाचे नियम मात्र आधी वकिलाला विचारून घ्या, माझ्या काळचे आता धरू नका.

इथे कॉलेज करणाऱ्या मुलांचा अर्ज मे महिन्यात उघडतो. यंदा भरणाऱ्यांनी नवं काही सुरू करायच्या फंदात पडू नये, जे केलंय ते नीट आठवून लिहावं. निबंधाला साडेचार हजार अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. त्यात झाकण तिरकं लागलेली एक तरी डबी येऊ द्या. पुढच्या वर्षी किंवा त्यापुढे भरणारी मुलं जेवणानंतर मला हलव्याच्या टेबलापाशी भेटा. तुमच्या डोक्यात कुठलाही एक प्रश्न असेल तर तो घेऊन या. आई-बाबांनी तेवढा वेळ हळदीकुंकवाच्या बाजूला बसावं, ही विनंती.